पडद्यामागे

अगं ऐका ना, काल भांडुपला टेलरकडे थांबले होते, माझ्यापुढे दोघीजणी. निधी म्हणून एकीचं पुढच्या महिन्यात लग्न, तिचा ब्लाउज शिवायला टाकायचा होता. आणि भांडण कशावरून, तर सीरियलमधल्या त्या डिटेक्टिव्ह कारखानीसवरून.

“बायकोला सारखा फोन करतो ते प्रेम नाही गं निधी, संशय आहे.”

“एवढे खून बघितलेत त्याने, दीप्ती. घाबरणारच ना.”

“मग घाबर ना बाबा. तिच्या मैत्रिणींची चौकशी कशाला?”

“काळजी वाटते. नीट बोलता येत नाही त्याला.”

“आरोपीशी बरं गोड बोलता येतं.”

“हे हर्षदसमोर बोलू नकोस हां. त्याला कारखानीस जाम आवडतो.”

“आणि तुला आवडतो?”

“कोण, कारखानीस?”

“नाही.”

तेवढ्यात निधीचा फोन वाजला, होणाऱ्या नवऱ्याचाच.

“हो रे हर्षद, टेलरकडेच आहे. दीप्तीच आहे बरोबर. बरं, व्हिडिओ लावते.”

मग तिने फोन सगळ्या दुकानात हळूहळू फिरवला. मशीन, टेलर, दीप्ती, माझं तोंडसुद्धा, यार.

“बघितलंस ना? कुठे? अरे, ती ट्रायल रूम आहे. थांब, पडदा बाजूला करते.”