फळ्यावरची तांबडी रेघ

(सोलापूर, १९७४. पेठेतल्या एका वाचनालयात ‘विचारा, सांगा’ असा फळा आहे. ज्याला अडलंय तो प्रश्नाची चिठ्ठी टाचतो, ज्याला ठाऊक आहे तो खाली उत्तराची.)

महिपती : माझ्याच चिठ्ठीवर तांबडी रेघ का वढली, येवढंच इचारतोय सायेब. भांडाय आलो न्हाय.

वेणीमाधव : साहेब कसला, मी इथला ग्रंथपाल. सारजाबाईंचा प्रश्न होता, शेळी मेली, तिचं पिल्लू दुसरी शेळी जवळ घेत नाही, काय करावं? चिंतामणी गुरुजींनी लिहिलं, पिल्लाच्या पाठीला मीठ चोळा, शेळी चाटायला लागेल. दोन दिवसांनी तुम्ही तेच टाचलंत.

महिपती : मग? मिठानंच चाटती की ती.

वेणीमाधव : चाटत असेल हो. पण फळा केवढासा, बघा. मागं रेशनकार्डाच्या एका प्रश्नाला अकरा जणांनी एकच उत्तर दिलं, नवा प्रश्न टाचायला जागा राहिली नाही. म्हणून वर नियम लिहिलाय, आधीची उत्तरं वाचूनच आपलं लिहावं.

महिपती : त्यो नियमबी मला कसा कळावा?

वेणीमाधव : म्हणजे?

महिपती : वाचाय येत न्हाय मला. मी सांगिटलं, शेजारच्या शिवप्पानं घरी बसून लिवलं. टाचली तेवढी मी. काल त्यानंच वाचून दाखवलं, रेघंखाली तुमी ‘नक्कल’ म्हून लिवलंय. सांगोल्याकडं दुष्काळात आई मेलेली पिल्लं ह्या हातानं दुसऱ्या शेळ्यांना लावली मी. ती कुणाची नक्कल? लई लागलं मनाला. आता हितं पाय ठिवणार न्हाय.

वेणीमाधव : हे माझ्या ध्यानातच आलं नाही. चुकलं माझं.

सारजाबाई : (आत येत) अवो ग्रंथपाल, सांगोल्याचे महिपती म्हंत्यात ते हितं येत्यात का? सून म्हनली, चिठ्ठीवर नाव हाय, शेळ्या राखनारा म्हून बी लिवलंय.

वेणीमाधव : हेच ते. पिल्लू कसं आहे, सारजाबाई?

सारजाबाई : पितंय की, ढुशा देऊन पितंय. गुरुजींचं वाचून घेतलं तवा म्या काय केलं न्हाय बगा. मास्तर मानूस, शेळी कवा पाळलीया त्यांनी? मीच आपली कापसाच्या बोळ्यानं दूध पाजत बसले. मग सुनंनं ह्यांचं वाचलं, तवा रेघबिग नव्हती. शेळ्यावाला बी त्येच म्हनतोय म्हनल्यावर मीठ काढलं.

वेणीमाधव : म्हणजे एका उत्तरानं भागलं नसतं.

सारजाबाई : दोगं येकमेकाला वळखत न्हाईत आन येकच सांगत्यात. मग धीर आला.

वेणीमाधव : महिपतराव, ‘नक्कल’ आत्ता खोडतो, आणि चूक माझी होती अशी चिठ्ठीही लावतो. पण जागेची अडचण खरीच आहे. असं करू. तुम्ही आलात की आधीची उत्तरं मी वाचून दाखवीन. तुमचं वेगळं असेल तर नवी चिठ्ठी. तेच असेल तर त्याच चिठ्ठीखाली नाव घाला, गाव घाला.

महिपती : नाव तरी कुटं लिवाय येतंय?

वेणीमाधव : अंगठा लावा. गुरुजींच्या सहीशेजारी.

सारजाबाई : लावा की. त्यो मला बी वळखू येतोय.

महिपती : कोपऱ्यातली ती चिठ्ठी नवी दिसतीया. काय इचारलंय तितं, वाचा जरा.