टॅनला भिंत नसते

— नाही, बसून नको दाखवूस, उभा राहा. माझ्या वर्गात उत्तर देताना उभं राहायचं असतं. तू याच शाळेत कॉम्प्युटर शिकवायला लागलास म्हणून काय झालं? दामर, माझ्यासाठी तू अजून त्या खिडकीजवळच्या बाकावरचाच दामर आहेस, अधिकच्या जागी उणे लिहिणारा. आणि ही सोयाबीनच्या तेंपेची भजी कशाला? लाच? बरं, ठेव तिथे. मिरच्या आणल्यास ना सोबत? — नाही आणल्यास. बघ, इथूनच तुझ्या कामाचा अंदाज येतो. मिरचीशिवाय तेंपे आणणारा माणूस आलेख काढणारं यंत्र बनवतो, आणि मुख्याध्यापकाच्या खुर्चीत बसून बापाक विबिसोनो टाळ्या वाजवतात! मला म्हणे, ‘इबू सुलास्त्री, तुम्ही एकदा तपासा. तुम्ही हो म्हणालात तर सोमवारपासून अकरावीचे आलेख पडद्यावर.’ आणि मी? मी कुठे? ते नाही बोलले. मी सांगते कुठे — ग्रंथालयात, पुस्तकांवरची धूळ झटकत. तेव्हा मी आज हो म्हणायला बसलेली नाही, हे आधीच सांगून ठेवते. चल, उघड तुझा लॅपटॉप. आणि ते तेलाचे हात बाटिकला पुसू नकोस, नवा शर्ट दिसतोय.

हं. वर लिहायला चौकट, खाली चौकोनांचा कागद, बाजूला बटणं. दिसायला ठीक आहे, दिसायला तूही ठीकच होतास. लिहिते हं — दोन एक्स अधिक तीन. सरळ रेषा, शेंबडं पोरही काढेल. — ‘चूक’? मला? लाल अक्षरांत मला चूक म्हणतंय? — काय? चांदणी? दोन आणि एक्सच्या मध्ये चांदणी टाकायची? का, दोघांचं पटत नाही का आपसात? — गुणाकाराची खूण आहे, ते कळलं रे, पण दोन एक्स म्हणजे दोन गुणिले एक्स हे सातवीतल्या पोराला न सांगता कळतं, आणि तुझ्या यंत्राच्या कानात जाऊन सांगावं लागतं! बरं, टाकली चांदणी. आली रेषा. धन्य झाले. आता दशांश घालते, शून्य स्वल्पविराम पाच — परत लाल! आता काय दुखलं याचं? — टिंब? स्वल्पविराम चालत नाही, टिंब द्यायचं? दामर, या सालातिगा गावात आजीपासून नातवापर्यंत सगळे शून्य स्वल्पविराम पाच लिहितात, बाजारातल्या पाट्यांवर स्वल्पविराम, औषधाच्या बाटलीवर स्वल्पविराम, तुझ्या उत्तरपत्रिकेत तू विसरलेले स्वल्पविराम मी माझ्या हाताने घातलेत — आणि तू यंत्र बनवलंस ते कुणासाठी? लंडनच्या पोरांसाठी? जिथून उचललंस तिथे टिंब होतं, म्हणून टिंब. हो की नाही? — बघ, गेली मान खाली.

चल, साइन घाल. — वा! — वा नाही, तोंडातून निघून गेलं. बरा आलाय, एवढंच. कसा काढतं रे हे? — काय सांगतोस! नुसते ठिपके? प्रत्येक ठिपक्याची किंमत काढायची आणि शेजारच्या ठिपक्याला रेघेने जोडायचं? म्हणजे हा वक्र नाहीच! सगळ्या सरळ रेघाच, फक्त बारीक चिरलेल्या! अख्खी शाळा फसवायला निघालास तू. थांब, मग तर मला माहितीय हे कुठे आपटणार ते. टॅन घाल. घाल म्हणते ना. — हां! बघ! हे उभे खांब कुठले? टॅनला खांब असतात? टॅन वर जातो, वर जातो, दिसेनासा होतो, आणि मग पार खालून नव्याने उगवतो. मध्ये काही नाही. भिंत नाही, खांब नाही, मोकळं आहे सगळं. याने काय केलं? वरचा शेवटचा ठिपका दिसला, खालचा पहिला दिसला, दिले जोडून! याला हात उचलता येत नाही, दामर. आणि आलेख काढायचा म्हणजे अर्धं काम हात कधी उचलायचा तेच असतं. मी सांगते ना मुलांना, इथे खडू उचला, श्वास घ्या, खालून या. तू विसरलास सगळं. थांब, दाखवतेच फळ्यावर. दे तो खडू. हा अक्ष — आणि हा असा — वर — वर —

नाही. खडूच भिकार आहे. हल्ली कसले खडू पाठवतात कोण जाणे, दमट असतात, घसरतात. — दुसरा नको. दुसराही तसलाच असणार. राहू दे म्हटलं ना! आणि माझ्या हाताकडे काय बघतोयस? सकाळपासून कॉफी जास्त झालीय, बस. एवढं काही नाही. आणि मला कुठे काढायचे असतात आलेख? माझ्या वर्गात मुलंच काढतात. मी ‘कोण येतं’ म्हणायच्या आत केनांगा उठलेली असते, मागून तेगार धडपडत येतो, इबू मी, इबू मी — भांडतात खडूसाठी! तुमच्या वेळी होतं का असं? तुम्हाला फळ्यापाशी आणायचं म्हणजे बकरी ओढून आणावी लागायची. यंदाचा वर्गच गुणी आहे. गणिताची गोडी अशी — काय म्हणालास?

परत सांग. — केनांगा आली होती तुझ्याकडे? कशाला? — हे बनवून द्या म्हणून? म्हणजे हे बापाक विबिसोनोंच्या डोक्यातून नाही निघालं? — तू नेलंस त्यांच्याकडे. — आणि माझ्या हाताचं पोरांना कधीपासून माहीत आहे? — सगळ्यांना? त्या तेगारलासुद्धा? म्हणजे ती — ठरवून — आज तू ऊठ, उद्या मी उठतो — आणि मी मूर्ख, घरी जाऊन नवऱ्याला सांगते, माझ्या हाताखाली पोरं कशी गणितात रमलीत बघा! ज्यांना दोन ओळींचं समीकरण सोडवता येत नाही, त्यांनी मला बरोबर सोडवलं की रे. नवऱ्यालाही ठाऊक असेल आता, काय सांगावं. बशी मीच फोडली की तो मांजराला रागावतो. — लाज वाटते, दामर. राग येतोय की लाज वाटतेय, कळत नाही. दोन्ही. — आता तू चेहरा पाडू नकोस. कीव करायची असेल तर बाहेर जाऊन कर.

बंद कर ते. — नाही, थांब, ऐक आधी. ती चांदणी काढून टाक. स्वल्पविराम चाललाच पाहिजे. आणि टॅनमधले खांब पाड, कसे ते तू बघ — दोन ठिपक्यांत भलतंच अंतर पडलं तर जोडायचं नाही, एवढी तरी अक्कल घालता येईल ना त्याच्यात? सोमवारचं नेहमीचं झेंडावंदन झालं की ये. बटणं तू दाबायची, शिकवणार मी. यंत्राला बोलता येत नाही आणि तुला कधीच येत नव्हतं. बापाक विबिसोनोंना सांग, इबूंनी शंभर चुका काढल्या आणि मग हो म्हणाल्या. आणि केनांगाला सांग — नको, तिला काही सांगू नकोस. मला कळलंय हे पोरांना कळता कामा नये. नाहीतर बिचकतील, धावत यायची बंद होतील. आणि मला आवडतं ते, खोटं असलं तरी. — भजी ने परत. राहू दे, ठेव. आता घंटा होईल, पोरं यायच्या आत मला फळ्यावर तारीख लिहायचीय, आणि तुझ्यासमोर नाही लिहायची. जा.