तिकीट त्यांचं, खोली दोघांची

...आणि घोरतो कसा म्हणता? अहो, टेबलावरच्या ग्लासात माझी कवळी थरथरत होती! नाही, तुम्हाला सांगतो, तक्रार नाही हं माझी, उपकारच आहेत! त्या परिषदवाल्या लोकांनी तिकीट काढलं, हॉटेल दिलं, सकाळचा नाश्ता दिला, आणि त्यांनी माझं तोंडसुद्धा पाहिलेलं नव्हतं. पण खोली देताना एवढं तरी विचारायचं ना, की बाबा रे, शेजारच्या पलंगावर जो झोपणार आहे, तो तुझा कोण? मी सांगितलं असतं... हा आमच्या पाणीखात्याचा हेडक्लार्क, मी वर्षानुवर्षं दर सोमवारी याच्या टेबलापुढे उभा राहतो, आणि हा मला म्हणतो, "उद्या या."

मी पेंटर. भिंतींचा नव्हे, पाट्यांचा! दुकानांच्या, दवाखान्यांच्या, 'कुत्र्यापासून सावध'च्या. मग ते छापील बॅनर आले, धंदा बसला, हातात वेळच वेळ! त्यात नातीला कावीळ झाली. एवढीशी पोर, आईच्या खांद्यावरून मान उचलेना... डॉक्टर म्हणाले, पाणी बघा. मी म्हटलं, गल्लीचं पाणी दर आठवड्याला तपासतात, मग निकाल काय येतो? साधा प्रश्न! नात बरी झाली, पण प्रश्न काही बरा होईना. "साहेब, निकाल?" की हा चष्मा कपाळावर सारणार आणि नाकातून म्हणणार, "पेंटर, वरून आदेश नाही... उद्या या." बरं, मी खरंच दुसऱ्या दिवशी जायचो! तेव्हा म्हणायचा, "आज कशाला आलात?"

मग सुनेने मोबाईलवर वाचलं, की सरकारी कारभार लोकांपुढे उघडा असावा म्हणून धडपडणाऱ्यांची कुठेतरी परदेशात परिषद आहे, आणि ज्यांना परवडत नाही त्यांना जाण्यायेण्याची शिष्यवृत्ती मिळते. तिने परस्पर माझं नाव दिलं! बायको म्हणाली, "शिष्यवृत्ती? या वयात? दप्तर आणू का?" आणि खरोखर फोन आला हो! एका बाईंचा, गोड आवाज, "काका, तुमचं काम ओळखणारं कुणी सरकारी कचेरीत आहे का?" ओळखणारं? म्हटलं, बाई, मला जिन्यात पाहिलं की एकजण संडासात जाऊन कडी लावतो! "मग त्यांच्याकडूनच दोन ओळी घ्या ना," म्हणे.

गेलो. सोमवारच होता. म्हटलं, साहेब, आज निकाल नको, शिफारस द्या. त्याने माझ्याकडे बघितलं, खिडकीकडे बघितलं, आणि काय लिहिलं माहितीये? "हा मनुष्य दर सोमवारी पाण्याचा निकाल मागतो. मी उद्या या म्हणतो. तो येतो." बस्स! आणि त्याच ओळींवर मी निवडला गेलो. वर त्या बाई म्हणाल्या, "विचारणारे येताहेत, तर ज्यांना विचारतात त्यांनाही आणू या!" झालं. याचंही तिकीट!

विमानतळावर शिपाई म्हणतो, बूट काढा. मी सवयीने म्हटलं, कुठल्या नियमाने? लेखी द्या! मागे ही रांग खोळंबली... हेडक्लार्कने वाकून स्वतःच्या हाताने माझ्या नाड्या सोडल्या. "पेंटर, काढा हो! विमान काही उद्या या म्हणणार नाही!" विमानात खिडकी याला, रात्री घोरणं मला. पण तक्रार नाही हं, उपकारच आहेत!

आणि ती परिषद! काय एकेक माणसं! कुणी शाळेच्या खर्चासाठी भांडतंय, कुणी गावच्या पुलासाठी. मला वाटायचं, गल्लीत मी एकटाच वेडा. इथे सगळा हॉलच आमच्यातला! सांगू? डोळे भरून आले. तेवढ्यात 'हे पाट्या रंगवणारे, आणि हे त्यांचे पाणीखात्याचे साहेब' अशी ओळख करून देऊन आम्हा दोघांना स्टेजवर बसवलं. समोरून एका म्हाताऱ्या बाईने विचारलं, कानातल्या यंत्रातून आम्हाला मराठीत ऐकू आलं, "साहेब, तुम्ही यांना निकाल देत का नाही?" हा चष्मा वर सारतो, नाक ओढतो आणि म्हणतो, "देणार होतो हो. पण नियम असा की निकाल एकट्यादुकट्याला द्यायचा नाही, सगळ्यांना दिसेल असा फलकावर लावायचा. आणि आमच्याकडे फलकच नाही. रंगवणारा मिळाला नाही."

रंगवणारा मिळाला नाही!

मी याच्या टेबलापुढे उभा, बोटांना रंग, खिशात ब्रश... आणि मी फक्त निकाल मागतोय! याने कधी फलकाचं नाव काढलं नाही, मी कधी विचारलं नाही! हॉल असा हसला, असा हसला की हेडक्लार्कही हसायला लागला, आणि मग मीही. त्या रात्रीही हा घोरला, पण मला गाढ झोप लागली.

परत आल्या आल्या गल्लीच्या तोंडाशी, टाकीच्या भिंतीवर फलक रंगवला. निळी जमीन, पांढरी अक्षरं, नात खाली शिडी धरून! पहिल्याच आठवड्यात आलं, 'उकळून प्या.' घराघरात पातेली चढली. त्यानंतर गल्लीतलं एक पोर पिवळं पडलेलं नाही. आता सांगा, त्या न पाहिलेल्या लोकांच्या उपकारांची फेड कशी करू मी?

फक्त एक झालंय. सोमवारी निकाल घेऊन हेडक्लार्क स्वतः येतो, मी शिडीवर चढतो, आणि खाली अख्खी गल्ली! "पेंटर, काय आलं?" "पेंटर, कालच का नाही लिहिलं?" "अक्षर मोठं काढा, दिसत नाही!" रंग ओघळतोय, मान अवघडलीय, शिडी हलतेय... परवा माझा तोल गेला, शिडीवरचा नव्हे, तोंडावरचा. मी चष्मा कपाळावर सारला आणि ओरडलो, "उद्या या!"

खाली हेडक्लार्क शिडी धरून उभा होता. वर बघत, शांतपणे म्हणाला, "येतील हं, पेंटर."