फ्लोरिन, जावई आणि डावी दाढ

...डावीकडची, अहो, डावीकडची! एवढा एकच शब्द बोलायचा होता मला, आणि तेवढ्यासाठी तुम्हाला सांगते, त्या खुर्चीत आडवी पडून नुसती तडफडले मी. कारण जावई दातांचे डॉक्टर. तोंडात त्यांचा आरसा, त्यांची नळी, गालात कापसाचे बोळे... तोंड सताड उघडं आणि बोलायची सोय नाही.

आता हे जावई म्हणजे काय सांगू. लग्नाला चार वर्षं झाली, पण आमच्याकडे येऊन 'हो', 'बरं' आणि 'पुरे' यापलीकडे चौथा शब्द त्यांनी काढल्याचं मला आठवत नाही. मी आपली बोलतेय, बोलतेय... लेकीला विचारलं, "अगं, घरी तरी बोलतात का?" तर म्हणते, "तू श्वास घेशील तेव्हा बोलतील ना." घ्या, पोटची पोर! पण जिवाला घोर लागतोच हो, माझ्या मुलीने काय भिंतीशी संसार करायचा?

तर दाढ ठणकायला लागली म्हणून गेले त्यांच्याकडेच. आत डोकावून म्हणतात, "हीच ना, आई?" आणि टोचणी लावली ती उजवीकडच्या दाढेला. मी म्हटलं, "आँ... आँ." म्हणजे नाही. त्यांनी ते 'हो' असं धरलं. तिथेही कीड होतीच म्हणा, त्यामुळे त्यांना शंका यायचं कारणच नव्हतं. भरली दाढ. मग कसलासा लेप काढून म्हणाले, "आता फ्लोराइड लावतो." मी पुन्हा "आँऽऽ", म्हणजे अहो, जरा डावीकडे वळा... तर यांना वाटलं, मी विचारतेय फ्लोराइड म्हणजे काय.

आणि सुटले की! "म्हणजे बघा आई, फ्लोरिनचा अणू. त्याच्या सगळ्यांत बाहेरच्या कक्षेत सात इलेक्ट्रॉन, आणि जागा आठांची. त्या एका रिकाम्या जागेपायी बिचाऱ्याचा जीव टांगणीला लागलेला." मी शिवणकाम करणारी बाई, मला लगेच दिसलं, सात बटणं लावलेला सदरा आणि आठवं काज मोकळं. पण हे सांगणार कसं? तोंड उघडं आणि बोलायची सोय नाही.

"मग भेटतो सोडियम. त्याच्याकडे बाहेर एकच, आणि तो द्यायला हा एका पायावर तयार. फ्लोरिन तो ओढून घेतो, आणि झाला भारित आयन, म्हणजेच हे फ्लोराइड. उणे एक."

आता मला सांगा, मिळालं ना त्याला? मग अधिक नको व्हायला? उणे कसं? माझ्या तोंडून आपसूक "आँ?" गेलं, आणि हे खरंखुरं "आँ" होतं हं, दाढेचं नव्हे. हातातला ब्रश तसाच धरून म्हणतात, "वा आई, नेमकं विचारलंत." मी? विचारलं? "अहो, इलेक्ट्रॉन मुळातच उणे भाराचा. आत नऊ प्रोटॉन अधिकचे, भोवती नऊ इलेक्ट्रॉन उण्याचे, फिटंफाट. दहावा आला तो आपलं उणेपण घेऊनच आला. पण आठ भरले की फ्लोरिन कसा शांत होतो बघा. एरवी दिसेल त्याला झोंबणारा, तोच आता तुमचे दात राखत बसतो." पुढे क्लोरिन, ब्रोमिन, आयोडिन... म्हणे अख्खं घराणंच सातांचं, पण ओढ सगळ्यांत जबर या फ्लोरिनची, कारण अंगाने लहान आणि बाहेरची कक्षा केंद्राला खेटून. मदतनीस बाई ट्रे हातात धरून बघतच राहिली. आणि यांचा चेहरा तर असा फुललेला, की लग्नातही नव्हता हो इतका. दाढ ठणकतेय, आणि मला आपलं बरंही वाटतंय.

शेवटी निघाला कापूस. म्हटलं, आता बोलून टाकायचं, डावीकडची. तर हे मान खाली घालून हळूच म्हणतात, "तुमच्याशी बोलायचं फार मनात असायचं, आई. जमायचंच नाही. आता दुखत नाही ना कुठे?"

काय सांगू? चार वर्षांनी तोंड उघडलेला जावई, त्याला म्हणू, भलतीच दाढ भरलीत? म्हटलं, "छे, अगदी आराम पडला."

संध्याकाळी लेकीचा फोन. "आई, काय केलंस गं? हे आल्यापासून बोलतायत, थांबतच नाहीत." इतकी हसत होती, की मला भरूनच आलं. म्हटलं, "काही नाही गं, ऐकून घेतलं."

तेव्हा तुमच्या ओळखीत दातांचा दुसरा कुणी डॉक्टर असला तर सांगा बाई, गुपचूप जाऊन येते. न बोलणारा असला तर फारच उत्तम.