हातसंगणक हरवल्याची तक्रार मागे घेण्याबाबत

दि. ४ ऑक्टोबर २००३, शनिवार, खंडेनवमी. सकाळी.

माझे नाव कुसुमावती मुकुंदराव सौंदत्तीकर, वय ६२ वर्षे, धंदा निवृत्त शिक्षिका (मुलींच्या शाळेत भूगोल शिकवला, 'घरकाम' असे लिहू नये), राहणार केलगेरी रस्ता, धारवाड.

मी कोणी न बोलावता स्वतःच्या पायाने ठाण्यात येऊन समक्ष सांगते की, काल माझा मुलगा श्रीहर्ष याने माझा हातसंगणक चोरीला गेल्याची तक्रार येथे दिली व आमच्या घरी बावीस वर्षे धुणीभांडी करणाऱ्या सखूबाई यांच्यावर संशय घेतला. वस्तू चोरीला गेलेली नव्हती. ती आता आपल्यासमोर टेबलावर आहे. सखूबाई बाहेर बाकावर बसल्या आहेत. त्यांचे नाव या कागदांतून निघावे, एवढ्यासाठी मी आले आहे.

मी मराठीत सांगत आहे आणि हवालदार नागेश हे अळणावरकडचे असल्याने मराठीतच लिहून घेत आहेत. त्यांनी विचारले, हा मोबाईल का? नव्हे. मग कॅल्क्युलेटर? तोही नव्हे. हा तळहाताएवढा संगणक आहे. पडदा काळापांढरा, लिहायला प्लास्टिकची काडी. वस्तूवर हळदीकुंकू लागलेले आहे. ते पुसू नये.

ही वस्तू मी दोन वर्षांपूर्वी हुबळीच्या एका दुकानातून स्वतः निवडून घेतली. श्रीहर्ष बेंगळूरला संगणकाच्याच कंपनीत आहे. त्याचे म्हणणे रंगीत पडद्याचा घ्यावा. दुकानदारानेही तोच पुढे केला, 'अक्का, ह्याच्यात फोटो काय छान दिसतात बघा.' मी दोन्ही उचलून दुकानाबाहेर रस्त्यावर उन्हात नेले. दुकानदार घाबरून मागोमाग आला. उन्हात रंगीतवर माझेच तोंड दिसत होते, काळ्यापांढऱ्यावर अक्षर दिसत होते. शिवाय रंगीत रोज विजेला लावावा लागतो आणि आमच्याकडे वीज कधी जाईल ते विजेलाच ठाऊक. काळ्यापांढऱ्याला बारीक सेल पुरतात, ते कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात मिळतात. मी तोच घेतला. सेल मी एकादशीला बदलते, म्हणजे विसरायला होत नाही. रंगीत घेतलेल्या माझ्या मैत्रिणीचा आता कपाटात पडून आहे, हेही लिहावे.

त्यात मराठी लिहिता येत नाही. इंग्रजी अक्षरे एका फटकाऱ्यात काढायची एक वेगळी रीत आहे, ती मी पंधरवड्यात शिकले. साठीनंतर पुन्हा पहिलीत बसायला मला लाज वाटली नाही. उपयोग काय, असे सगळे विचारत. उपयोग माझा मी शोधला. हळदीकुंकवाला कोणाचा खण कोणाला दिला ते मी त्यात लिहून ठेवते. त्याआधी एकदा गल्लीतल्या वेणूबाईंनी ओटीत घातलेला खण मी वर्षाने त्यांच्याच ओटीत घातला होता आणि त्यांनी तो किनारीवरून ओळखला होता. आता असे होत नाही. सासरच्या श्राद्धतिथी त्यात आहेत, यजमानांच्या रक्तदाबाच्या गोळ्या आहेत, गल्लीत वाचायला दिलेली पुस्तके आहेत. आणि मुख्य म्हणजे नळाचे पाणी. धारवाडात पाणी किती दिवसांनी येते ते आपणास सांगायला नको. कोणत्या भागात पाणी सोडले की आमची पाळी कधी येते, हे मी टिपत गेले आणि त्यावरून अंदाज बांधून घंटा लावू लागले. माझा अंदाज सहसा चुकत नाही. आमची गल्ली घागरी मांडायच्या आधी मला विचारते. याचा मला अभिमान आहे.

यजमान श्री. मुकुंदराव, वय ६८, यांनी मात्र ही वस्तू कधी हातात घेतली नाही. 'काय करायलीस त्या पाटीवर?' असे ते रोज विचारत. पाहुण्यांपुढे मला पाटीवाली म्हणत. मी हसण्यावारी नेत असे, पण मनाला लागत असे. शिकलेल्या बाईला सगळ्यात जास्त हवी असते ती घरातल्याच माणसाची शाबासकी आणि ती कोणत्याही दुकानात मिळत नाही.

परवा गुरुवारी सप्तमीला आमच्या घरी रिवाजाप्रमाणे सरस्वतीपुढे पुस्तके मांडली. ज्याची जी विद्या त्याचे ते पुस्तक, माझा दरवर्षी नकाशांचा जुना संग्रह. एकदा पुस्तके ठेवली की दशमीला उठेपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. त्या दिवसांत आम्ही वर्तमानपत्रसुद्धा वाचत नाही. यंदा मी पुरणात अडकले होते, म्हणून मांडणी यजमानांनी केली. मी नैवेद्य घेऊन आले तेव्हा वर रेशमी वस्त्र झाकलेले होते. पूजा झाली, जेवणे झाली आणि ते बसने अळणावरला त्यांच्या बहिणीकडे, मथुराबाईंकडे, नवरात्रासाठी गेले. संध्याकाळी हातसंगणक फडताळात नाही असे माझ्या लक्षात आले. मी घरभर शोधला. देवघरात शोधायचे डोक्यातही आले नाही.

काल श्रीहर्षने मला न विचारता तक्रार दिली. सांजच्या भांड्यांना सखूबाई आल्या नाहीत. त्यांची मुलगी संगीता आली आणि म्हणाली, 'अव्वाला उद्या सकाळी ठाण्यात बोलावलंय.' मी श्रीहर्षला कारण विचारले. तो म्हणाला, 'आई, फडताळ रोज तीच पुसते. घरात बाहेरचं दुसरं कोण येतं?' मी म्हणाले, 'बावीस वर्षं रोज येते ती बाहेरची, आणि दसऱ्याला चार दिवस येतोस तो तू घरचा?' तरी तक्रार तशीच राहिली. मी रात्री जेवले नाही.

आज पहाटे पाण्याची पाळी होती. मी जागीच होते. घंटा वाजली ती देवघरात, रेशमी वस्त्राखाली. नळालाही त्याच वेळी पाणी आले. मी वस्त्राचा कोपरा उचलून पाहिले. माझ्या नकाशांच्या संग्रहावर हातसंगणक ठेवलेला होता, त्यावर हळदीकुंकवाची बोटे आणि एक शेवंतीचे फूल. ते काम यजमानांचेच, कारण कुंकू लावताना त्यांचे बोट नेहमी तिरके जाते.

मी तिथे किती वेळ बसले ते सांगता येत नाही. घागरी भरून वाहत होत्या.

मग मी स्नान करून सोवळ्याने देवघरात गेले. श्रीहर्ष दारात उभा राहिला. म्हणाला, 'आई, पुस्तकं उद्या उठतील. उद्या नेऊन देऊ ना. एवढी वर्षं पाळलंस, आता मोडतेस?' मी म्हणाले, 'आणि उद्यापर्यंत त्या बाकावर कोण बसेल? तू बसतोस?' आमच्या घरात नवमीला सरस्वतीपुढून पुस्तक उचलल्याचे मला तरी माहीत नाही. मी नमस्कार केला आणि उचलले. सरस्वती रागावली तर माझ्यावर रागावेल. तिच्या नावाखाली एका निर्दोष बाईला चोर ठरू द्यायचे, हे मला तिला सांगता आले नसते.

निघण्याआधी मी अळणावरला मथुराबाईंच्या शेजारी फोन लावून यजमानांना बोलावून घेतले. सगळे ऐकून ते आधी श्रीहर्षवर चिडले. मी विचारले, 'ठेवलंत ते मला सांगितलं का नाही?' ते म्हणाले, 'बायकोचं पुस्तक पूजेत ठेवलो, त्यात सांगायचं काय?' मी म्हणाले, 'दोन वर्षं तर त्याला पाटी म्हणत होता.' ते म्हणाले, 'दसऱ्याला पाटीचीच पूजा करतात की.' एवढे बोलून त्यांनी फोन ठेवला. हे तपासाच्या कामाचे नाही असे हवालदार म्हणतात, तरी लिहावे. वस्तू तिथे कशी गेली याचा पुरावा तोच आहे.

मी ठाण्यात आले तेव्हा सखूबाई बाकाच्या टोकाला पदर डोक्यावर घेऊन रडत बसल्या होत्या. श्रीहर्ष माझ्याबरोबर आला आहे. त्याने त्यांच्यासमोर उभे राहून 'चुकलं माझं' म्हटले. त्या पुन्हा आमच्या घरी कामाला येतील किंवा नाही हे मला माहीत नाही आणि तसे विचारायचा हक्क आज मला नाही.

माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. वस्तू ठाण्यात ठेवून घ्यायची असल्यास ठेवावी, परंतु सखूबाईंना आत्ता, दिवसाउजेडी, ठाण्याच्या पुढच्या दाराने, माझ्याबरोबर जाऊ द्यावे.

जबाब वाचून दाखवायची वेळ आली तेव्हा, तो मला नव्हे, सखूबाईंना वाचून दाखवावा अशी मी विनंती केली. हवालदारांनी त्यांना आत बोलावून खुर्ची दिली आणि सगळा जबाब मोठ्याने वाचला. सखूबाईंनी शेवटपर्यंत ऐकला आणि त्या एवढेच म्हणाल्या, 'अक्का, बाकी सगळं बरोबर हाय. मी रडले न्हाई. तेवढं काढायला सांगा.'

त्यांच्या सांगण्यावरून वर 'रडत' हा शब्द रद्द समजावा. आता जबाब बरोबर आहे.

सही/- कुसुमावती मु. सौंदत्तीकर