मीटर म्हणतं क्लोरीन कमी

आमच्या फिल्टर प्लांटवर पाण्यातलं क्लोरीन मोजणारा एक सेन्सर आहे, आणि मी त्याच्यावर डोळे झाकून विश्वास ठेवणारा माणूस, हे आधीच कबूल करतो.

एका सकाळी आकडा खाली यायला लागला. मी क्लोरीनचा डोस वाढवला. आकडा आणखी खाली. मी आणखी वाढवला. गावाला जंतूंचं पाणी जायला नको, एवढीच काळजी.

अकराच्या सुमाराला बायकोचा फोन आला. "आज पाण्याला लई वास येऊन राहिला. चहा तोंडात धरवत न्हाई."

"उलट क्लोरीन कमीच आहे. मीटर सांगतंय."

"तुमच्या मीटरला नाक हाय का?" म्हणाली आणि फोन ठेवला.

शेजारी प्रयोगशाळेतले गफूरभाई बसले होते. त्यांनी नळाचं पाणी बाटलीत घेतलं आणि तपासणीचे थेंब टाकले. पाणी गडद पिवळं झालं. म्हणजे क्लोरीन नको तितकं! मी आधी डोस खाली आणला, मग सेन्सर बाहेर काढला. टोकावर गाळाचा चिकट थर बसलेला. महिनाभर मी तो धुतलाच नव्हता. मऊ ब्रशनं साफ करून परत बसवला, तर आकडा टुणकन वर.

दुपारी साहेब आले. "बिघाड कळला कसा?"

गफूरभाई शांतपणे म्हणाले, "साहेब, ह्याच्या घरी दुसरा सेन्सर हाय. त्याला कधी धुवावं लागत न्हाई. तोच ह्याला धुवून काढतो."