नकाराचा बाण

…आणि वर मला विचारते काय, तर "सर, हा सुस्कारा नेमका कोण कोणाला पाठवतं?" आता सुस्कारा म्हणजे काय पार्सल आहे पाठवायला? सुस्कारा सुटतो हो! माणसाचा आपसूक सुटतो! पण नाही, तिनं पिवळ्या चिकटकागदावर लिहिलंच 'सुस्कारा', कागद माझ्या भिंतीवर चिकटवला, भोवती चौकट काढली, चौकटीतून बाण काढला आणि म्हणते, "ग्रेट! आपला ट्रिगर मिळाला!" तुम्हाला सांगतो, त्याच क्षणी मी तिथून उठून जायला हवं होतं. पण ऑफिस माझं, खुर्ची माझी, चहा माझा… जाणार कुठे?

नाही, असं मधूनच सांगून तुम्हाला कळायचं नाही. पहिल्यापासून घेतो.

मी झाकणं करतो. बरण्यांची झाकणं. हसू नका, घरातल्या एका बरणीचं झाकण हरवलं की सगळं घर कसं डोक्यावर घेता ते आठवा आणि मग हसा! माझ्या शेडसमोर रस्ता, रस्त्यापलीकडे दुसरी शेड, तिथे माझे साडू बरण्या करतात. दोघी बहिणींनी सासरंच अशी निवडली की एकीनं हाक मारली तर दुसरीला ऐकू जावी. नवऱ्यांचं काय, ते त्याबरोबर आले. त्यांच्या बरणीला माझं झाकण, आणि झाकणासकट बरणी जाते मोठ्या कंपनीला. दोन्ही शेडच्या चुली त्याच कंपनीवर. माझ्या शेडवर पाट्या मात्र दोन आहेत, अर्धी यंत्रं माझ्या नावावर, अर्धी हिच्या, हिशेब बघणाऱ्यानं कधीकाळी 'असं केलेलं बरं' म्हणून सांगितलं होतं. रुंद तोंडाच्या झाकणांची हिची, अरुंद तोंडाची माझी. हे लक्षात ठेवा, पुढे माझा घात यातच आहे.

तर ऑर्डर कशी येते? साडू रस्ता ओलांडून येतात. खुर्चीत बसतात. चहा घेतात. बोलत काही नाहीत, त्या माणसाच्या तोंडातून शब्द काढणं म्हणजे ओल्या हातानं घट्ट झाकण उघडणं. चहा संपला की कोपऱ्यातल्या ढिगाकडे बघतात आणि सुस्कारा सोडतात. आखूड आला तर नेहमीएवढी झाकणं, लांब आला तर दुप्पट, आणि सुस्कारा सोडून डोक्यावरून हात फिरवला तर रुंद तोंडाची. मी मान हलवतो. झालं! सकाळी पोती पलीकडे. इतकी वर्षं चाललंय, कधी चूक नाही, कधी तक्रार नाही. कशात काही नव्हतं हो!

आणि कंपनीचा निरोप आला. काय, तर यापुढे सगळे व्यवहार संगणकानं संगणकाशी करायचे. कंपनीशी तर कराच, पण बरणीवाल्यानं झाकणवाल्याशीसुद्धा तसेच करायचे, साखळी पूर्ण जोडली गेली पाहिजे, नाहीतर दोघांची नावं कमी! म्हणजे माझा संगणक साडूंच्या संगणकाशी बोलणार. अहो, साडू माझ्याशी बोलत नाहीत, त्यांचा संगणक काय डोंबल बोलणार? आणि त्याआधी म्हणे दोघांनी बसून 'प्रक्रियेचं मॉडेल' करायचं. कोण कोणाला काय सांगतं, कधी सांगतं, नाही सांगितलं तर काय होतं… काढा चौकट, काढा बाण!

त्यासाठी कंपनीनं या सल्लागार मॅडम पाठवल्या. वाईट नाही हो बाई, गोड आहे, हुशार आहे, पण कुठल्याही गोष्टीला 'ग्रेट' म्हणते. मी म्हटलं, "मॅडम, इथे पंखा चालत नाही." "ग्रेट सर, तो आपण एक्सेप्शनमध्ये घेऊ."

मग ती पोच! तुम्हाला सांगतो, त्या पोचेनं माझा जीव खाल्ला. मॅडम म्हणतात, "साडूसरांनी ऑर्डर पाठवली की तुमच्याकडून आधी पोच जाईल." म्हटलं, "म्हणजे मी मान हलवली." "नाही सर, पोच म्हणजे फक्त 'मिळालं'. पोच म्हणजे कबुली नव्हे." "मग कबुली?" "ती वेगळी जाईल. मग कबुली मिळाल्याची पोच साडूसर देतील. मग तुम्ही माल निघाल्याची सूचना द्याल. मग त्या सूचनेची पोच." मी विचारलं, "आणि पोचेची पोच?" तर मॅडम गंभीर. "नाही सर. पोचेला पोच नसते. नाहीतर हे कधी संपणारच नाही." म्हटलं, बाई, हे संपायला हवं हे तुला कळतं तर! रस्ता ओलांडायला जितकी पावलं लागत नाहीत तितक्या चौकटी झाल्या. साडू? साडू बसल्याबसल्या डुलकी काढत होते. मॅडमनी लगेच विचारलं, "समजा साडूसरांकडून ठरलेल्या वेळात उत्तरच आलं नाही, तर?" मी म्हटलं, "तर पांघरूण घालायचं."

इथपर्यंत सगळं हसण्यावारी चाललं होतं हो. पण मग त्या बाईनं तो बाण काढला.

"सर, साडूसरांनी ऑर्डर दिली आणि तुम्ही नाही म्हणालात, तर काय होतं?"

म्हटलं, "मी नाही म्हणत नाही."

"समजा म्हणालात."

"अहो, पण मी म्हणतच नाही!"

"सर, मॉडेलमध्ये नकाराचा बाण लागतोच. त्याशिवाय ते पूर्ण होत नाही." आणि काढला! लाल! सगळे बाण काळे, हा एकटा लालभडक! माझ्या चौकटीतून निघाला तो थेट साडूंच्या चौकटीत. आणि इतका वेळ झोपलेला माणूस नेमका त्याच क्षणी जागा झाला. बाणाकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. आणि त्या माणसानं तोंड उघडलं.

"तू मला नाही म्हणणार?"

"अहो साडूभाऊ, मी नाही, तो बाण!"

"बाण तुझ्यातून निघतोय."

निघत तर माझ्यातूनच होता! तोवर मॅडम आपल्या नादात पुढे. "ग्रेट! नकार आला की साडूसर काय करतील? तर दुसऱ्या पुरवठादाराकडे जातील." आणि साडूंच्या चौकटीतून नवा बाण, बाणाच्या टोकाला नवी चौकट… 'दुसरा पुरवठादार'! आता माझं टाळकं सटकलं. दुसरा? कोण दुसरा? "साडूभाऊ, तुम्ही दुसऱ्याकडून झाकणं घेणार?" ते म्हणाले, "तू नाही म्हणालास म्हणून." "मी कधी नाही म्हणालो?" "आत्ता. भिंतीवर." कोण आहे हा दुसरा, नाव सांगा म्हटलं, तर मॅडम मध्ये पडल्या, "सर, ते साडूसरांचं अंतर्गत आहे. दोघांच्या मध्ये जे जातं तेवढंच दोघांना दिसतं. आतलं आत." आतलं आत! आमच्यात आत-बाहेर कधी होतं का हो? त्यांच्या घरात काय शिजतंय ते वासावरून ओळखणारी माणसं आम्ही!

मग मीही पेटलो. म्हटलं, "लिहा मॅडम! खोकंभर झाकणांपेक्षा कमी मागितलं तर सरळ नकार! मला विचारायचंसुद्धा नाही, परस्पर नकार!" मॅडम म्हणाल्या, "ग्रेट, हे ऑटोमॅटिक होईल." साडू उठले. चहा अर्धा ठेवला. अर्धा! त्या माणसानं आजवर माझ्याकडे चहाचा थेंब ठेवला नव्हता. गेले रस्ता ओलांडून, मागे वळून बघितलं नाही.

म्हणजे बघा, जे कधी घडलं नाही, कधी घडणार नव्हतं, त्यावरून आमचं वाजलं! ना झाकण कमी पडलं ना बरणी फुटली, एका रेघेवरून दोन घरं तुटली! काढा चौकट, काढा बाण!

आणि यंत्रणा सुरू झाली. तुम्हाला सांगतो, इतकी सुरळीत चालली की अंगाचा तिळपापड व्हावा. ऑर्डर, पोच, कबुली, पोच, सूचना, पोच. साडू येत नाहीत, मी जात नाही. मॅडमचा फोन आला, "अभिनंदन सर! तुमच्या दोघांत प्रक्रियेबाहेर एकही संवाद होत नाही. आम्ही सगळ्यांना तुमचं उदाहरण देतो. आदर्श भागीदार!" आदर्श! दोन साडू एकमेकांचं तोंड बघत नाहीत, हा आदर्श! समोरची खुर्ची रिकामी, ती बघवेना म्हणून मी तिच्यावर खोकी रचली. मग खोकीही बघवेनात. खरं सांगतो, मला त्या माणसाची आठवण यायची. बोलायचा नाही, पण तो नाही बोलला की बरं वाटायचं. आता नुसतीच शांतता.

एके दिवशी मी जेवतोय आणि ही येऊन समोर उभी.

"अहो, तुम्ही भावजींना नाही म्हणालात?"

"मी? मी जेवतोय!"

"त्यांची ऑर्डर आली होती. तुम्ही नाकारलीत."

जाऊन बघतो तर खरंच. ऑर्डर आली होती साडूंची. नग, एक. एक झाकण! पोतं नाही, खोकं नाही, एक! तुम्हाला नाही कळायचं, मला कळलं. तो सुस्कारा होता हो. त्या माणसाला यायचं होतं, बोलता येत नाही, म्हणून त्यानं एक झाकण मागवलं. आणि खोकंभरापेक्षा कमी म्हणून माझ्या संगणकानं मला न विचारता लाल बाण सोडला. मी इथे घास चावत होतो आणि तिथे मी त्यांना नाही म्हणत होतो! परत येऊन ताटावर बसलो.

म्हटलं, "गेलं सगळं. आता ते त्या दुसऱ्याकडे जाणार."

ही म्हणाली, "आलेच की."

"कुठे आले?"

"माझ्याकडे. दुसरा पुरवठादार मीच आहे."

तुम्हाला सांगतो, मी ताटावरच बसून राहिलो. त्या माणसानं रागाच्या भरात दुसरा शोधायचा म्हटलं, पण मन होईना, दुसऱ्या झाकणवाल्याचं नाव लिहायला हात धजेना. तर हिच्या ताईनं सांगितलं, धाकटीची पाटी आहे ना, तिचं नाव लिहा. माझीच शेड, माझंच छप्पर, आणि माझी प्रतिस्पर्धी माझ्याच घरात भात वाढतेय! बहिणी-बहिणींनी परस्पर ठरवलं आणि मला पत्ता नाही. का? तर ते त्यांचं अंतर्गत! आतलं आत!

"मी कबुली पाठवलीय," ही म्हणाली. "उठा. एक झाकण नेऊन द्या."

गेलो. हातात एक झाकण घेऊन रस्ता ओलांडला. साडू दारातच होते. मी झाकण पुढे केलं. त्यांनी उलटंसुलटं करून बघितलं, शेजारच्या बरणीवर बसवलं, फिरवलं. बसलं. मी म्हटलं, "पोच?" ते म्हणाले, "आधी चहा." प्यालो. दोघं काही बोललो नाही. काय सांगू, इतकं बरं वाटलं! आणि चहा संपला तसं त्यांनी रिकाम्या बरण्यांच्या रांगेकडे बघितलं, लांबलचक सुस्कारा सोडला आणि डोक्यावरून हात फिरवला. दुप्पट! रुंद तोंडाची! माझे डोळे भरून आले. मी मान हलवली.

सकाळी पोती गाडीवर चढवतोय तर ही दारात, कमरेवर हात.

"हे काय चाललंय?"

"साडूभाऊंची ऑर्डर. काल दिली."

"सिस्टिममध्ये नाही."

"अगं, सुस्कारा सोडला त्यांनी! हातसुद्धा फिरवला!"

"सुस्काऱ्याला चौकट नाही. रुंद तोंडाची यंत्रं माझी, झाकणं माझी. नकार."

इतक्या वर्षांत आमच्या धंद्यात माणसानं माणसाला तोंडावर नाही म्हटलं नव्हतं. पहिल्यांदा म्हटलं, ते माझ्याच दारात, माझ्याच बायकोनं, मला! मी आपली मान खाली घातली.

"पोच?" तिनं विचारलं.

मी मान हलवली.

"म्हणजे कबूल ना?"

म्हटलं, "अगं, पोच म्हणजे फक्त मिळालं. पोच म्हणजे कबुली नव्हे, मॅडम म्हणतात…"

"ते बाहेरच्यांसाठी," ती म्हणाली. "आपल्याकडे दोन्ही एकच."

काय करता? उतरवली पोती.